तडा घराचा की जमिनीचा?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलीतले शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत. — संपादक मंडळ)



सचिव दोन महिन्यांपूर्वी घरी आले आणि म्हणाले, "काका, मेळाव्यात तुम्ही विम्यावर बोला." मी म्हटलं, जेवणाच्या आधी विमा? अर्धी माणसं पंगतीला लवकर जाऊन बसतील. तर ते म्हणाले, "मग मागच्या भिंतीवर बोला." मागच्या भिंतीचं नाव काढलं की आपली सर्वसाधारण सभा दोन तास कशी चालते हे आपल्याला ठाऊक आहे. आज मी त्या दोन्ही गोष्टींवर बोलणार आहे, कारण त्या दोन नाहीतच, एकच आहे.

बऱ्याच जणांना मी 'इन्शुरन्सवाला' म्हणून माहीत आहे. पण मी कधी पॉलिसी विकली नाही. मी सर्व्हेअर. नुकसान झालं की ते पाहायला, मोजायला आणि ते कशामुळे झालं हे लिहायला जाणारा माणूस. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ यूएमप्रमाणे ठराविक रकमेच्या वरचा दावा परवानाधारक सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय कंपनी निकालात काढू शकत नाही. परवाना आयआरडीएआय देते, फी कंपनी देते, आणि शिव्या दोन्ही बाजू देतात. गेली काही वर्षं मी या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना एकच विषय शिकवतो: जमीन हलली आणि इमारत फाटली, तर ते कसं वाचायचं.

हा विषय वेगळा शिकवावा का लागतो? आग लागली तर जळालेलं दिसतं. गाडी ठोकली तर पत्रा दिसतो. जमिनीचं काम तसं नाही. आपल्याला दिसतो तो भिंतीवरचा तडा. कारण असतं चार फूट खाली, नाहीतर दोनशे फूट मागे डोंगरात. त्यातून वर्गात येणारी मुलं कोण? कुणी मेकॅनिकल इंजिनिअर, कुणी इलेक्ट्रिकल, कुणी सीए. परवाना 'फायर' विभागाचा असतो, आणि त्याच फायर पॉलिसीत दरड आणि जमीन खचणं हे धोकेही बसवलेले असतात. बॉयलर पाहायची सवय असलेल्या मुलाला पहिल्याच पावसाळ्यात सांगतात, जा, कामशेतच्या बाजूला एक घर कलंडलंय, बघून ये.

आधी पॉलिसीत काय लिहिलंय ते सांगतो, थोडक्यात. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर तर आहेच. भूकंपही आत आहे. पूर्वी भूकंप वेगळे पैसे भरून घ्यावा लागायचा. आणि इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन खचणं, दरड कोसळणं, डोंगरावरून खडक सुटून येणं हेही आहे. इथवर वाचून माणूस पॉलिसी कपाटात ठेवतो. पण खरी मेख त्याच्या पुढच्या चार ओळींत आहे. नव्या बांधकामाला सुरुवातीला येणारे नेहमीचे तडे आणि त्याचं बसणं, यात नाही. भराव टाकून तयार केलेली जमीन बसली किंवा सरकली, यात नाही. नदीने किंवा समुद्राने काठ खाल्ला, यात नाही. डिझाइन चुकलं, काम निकृष्ट झालं, माल खराब वापरला, यात नाही. आणि पाडकाम, बांधकाम, फेरबदल, दुरुस्ती किंवा खोदाई चालू असताना त्यामुळे झालं, तर तेही नाही.

म्हणजे तडा तोच, लांबी तीच, रुंदी तीच. 'डोंगर सरकला' असं ठरलं तर पैसे मिळतात. 'भराव बसला' असं ठरलं तर मिळत नाहीत. आणि ते ठरवणारा बऱ्याचदा एकटा सर्व्हेअर असतो. एका दुपारी येतो, तासभर थांबतो, फोटो काढतो, जातो.

हे आपल्या मावळात किती अवघड आहे बघा. आपली सोसायटी जिथे आहे तिथे पूर्वी काय होतं? जुने लोक सांगतील, भाताची खाचरं. खाचरात चिकण माती, तिच्यावर बिल्डरने ओतलेला मुरूम, आणि मुरमावर आपण. बऱ्याच प्लॉटांची गत अशी की मागची बाजू कापलेल्या कठीण जमिनीवर आणि पुढची भरावावर. अर्धं घर बसतं, अर्धं जागेवर राहतं. त्यातच वर डोंगर, आणि लोणावळ्याला वर्षाचा पाऊस सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे. दोन्ही कारणं एकाच घराखाली, एकाच रात्री. कोणत्या कारणाने घर फाटलं हे सांगायला नुसते डोळे पुरत नाहीत, शिकावं लागतं.

म्हणून मी वर्गाची सुरुवात वर्गात करत नाही. मुलांना लोकलने मळवली स्टेशनवर उतरवतो आणि चालत भाज्याला नेतो. लेण्यांच्या पायऱ्या चढून गेलं की सांगतो, या खडकाला हात लावा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेली ही लेणी अजून उभी आहेत. हा काळा बेसॉल्ट, लाव्हाच्या थरावर थर. आता वळून उतार बघा. थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबूस, मऊ मातीसारखा पट्टा असतो. वर खडक कुजून त्याचा मुरूम आणि माती झालेली असते. पाणी भेगांतून खाली मुरतं, मऊ थराशी किंवा न कुजलेल्या खडकाशी अडतं, आणि वरचं ओझं भिजून जड होतं. याच डोंगराखाली भाजे गावावर जुलै १९८९ मध्ये दरड आली आणि माणसं गेली. लेणी जिथल्या तिथे, आणि त्यांच्या पायथ्याला गाव गाडलं गेलं. एकच डोंगर. मुलं गप्प होतात. मग खाली उतरताना मी काही बोलत नाही, त्यांनाच विचारतो की ओहोळ कुठे आहे, झाडं सरळ आहेत का, बांध कुठे फुगलाय.

माळीण आपल्याच जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला, १५१ माणसं गेली. त्यानंतर २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरचं इर्शाळवाडी. तारखा बघा, सगळ्या जुलैतल्या. पण माळीणचा मला वर्गात जास्त उपयोग होतो तो दुसऱ्या भागाचा. गावाचं पुनर्वसन आमडे इथे झालं, एप्रिल २०१७ मध्ये लोकांना घरं मिळाली. आणि पहिल्याच पावसात, जून २०१७ मध्ये, नव्या वसाहतीत रस्ते खचल्याच्या, भराव वाहून गेल्याच्या, तडे पडल्याच्या बातम्या आल्या. मी मुलांना दोन्ही ठिकाणचे फोटो शेजारी शेजारी ठेवून विचारतो, तुम्ही सर्व्हेअर आहात, दोन्ही घरांची पॉलिसी तीच आहे, काय लिहाल? जुन्या माळीणला दरड, स्पष्ट. नव्याला? उतार कापून सपाटी केली, भराव टाकला, पाऊस पडला, भराव बसला. पॉलिसीच्या भाषेत ही दोन वेगळी गावं झाली. एखादा मुलगा लगेच विचारतो, "सर, पण माणसं तीच ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो विचारणारा मुलगा पुढे चांगला सर्व्हेअर होतो, हा माझा अनुभव आहे.

आता तडे. घरी गेल्यावर आज सगळे भिंती बघत बसणार आहात, तर नीट बघा. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे आडवी बारीक रेघ असते. काँक्रीट आणि वीट वेगवेगळी आकसतात म्हणून ती पडते. त्याला जमीन जबाबदार नाही. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, तो प्लास्टरचा दोष. कॉलमच्या लांबीने सरळ उभा तडा आणि त्यातून तांबूस डाग, म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे. तो देखभालीचा प्रश्न, विम्याचा नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेला, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता तडा दिसला की थांबायचं. इमारतीचा एखादा भाग खाली गेलाय किंवा सरकलाय. तो भिंतीच्या आतून बाहेरपर्यंत आरपार आहे का, दाराची चौकट अडकते का, फरशीवर गोटी ठेवली तर घरंगळते का, हे बघायचं. भूकंपाचे तडे बहुतेक फुलीसारखे, दोन्ही तिरक्या दिशांनी एकमेकांना छेदणारे, कारण इमारत दोन्ही बाजूंना हलते.

इंग्लंडमध्ये बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने १९८१ मध्ये तड्यांची प्रतवारी केली. एक मिलिमीटरपर्यंत किरकोळ, पाचपर्यंत साधा, पंधरापर्यंत मध्यम, पंचवीसच्या वर अतिगंभीर, असं. तिकडे १९७१ पासून घराच्या विम्यात जमीन खचण्याचं संरक्षण आलं, आणि १९७६ च्या दुष्काळात चिकण माती सुकून आकसली तेव्हा दाव्यांचा पूर आला. तेव्हापासून त्यांच्याकडे या कामाची एक शाखाच तयार झाली. तडा दिसला की एकदा बघून निकाल देत नाहीत. खुणा लावून बरेच महिने मोजतात, उन्हाळा-हिवाळा बघतात, मग बोलतात. आपल्याकडे पाऊस उघडायच्या आत रिपोर्ट द्यायची घाई. रुंदीवरून नुकसान किती ते कळतं, कारण कळत नाही. कारण कळायला वेळ द्यावा लागतो. तड्यावर काचेची पट्टी चिकटवा, तारीख टाका. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे. पन्नास रुपयांचं काम आहे.

आणि तड्याचं वय. जुन्या तड्यात धूळ असते, कडा बोथट असतात, मागच्या दिवाळीचा रंग आत उतरलेला असतो. ताज्या तड्याच्या कडा धारदार, आतली वीट स्वच्छ लाल. आतला रंग बघून मी एका सद्गृहस्थांना सांगितलं होतं, "साहेब, तुमचा यंदाच्या दरडीचा तडा तुमच्या मुलीच्या लग्नाच्या आधीचा आहे." ते हसले, चहा दिला, आणि दावा मागे घेतला.

माझ्याकडून झालेली चूकही आज सांगायची आहे. वर्गात दरवर्षी सांगतो, मग आपल्या माणसांसमोर का नको.

मावळातलंच एक गाव, नाव सांगत नाही. एका निवृत्त शिक्षकांचं घर. बँकेने कर्ज देताना सक्तीने उतरवलेला विमा. ऑगस्टमधला मोठा पाऊस झाल्यावर मागची खोली फाटली, जमीन दोन बोटं खाली गेली. मी गेलो तेव्हा भुरभुर चालू होती. घराखाली भराव होता, खाचराच्या कडेला. मला तो दिसला, आणि दिसला म्हणून बरं वाटलं. उत्तर मिळालं होतं. गुरुजी मला म्हणाले, "साहेब, मागचा बांधपण फाटलाय, वरपर्यंत या." शेजारचा एक शेतकरी म्हणाला, "आदी पानी कुटनं येतंय त्ये बगा." मागे चाळीस-पन्नास पावलांची चढण होती. चिखल होता, पायात ऑफिसचे बूट होते, आणि मला संध्याकाळपर्यंत आणखी दोन घरं करायची होती. मी वर गेलो नाही. रिपोर्टात लिहिलं: भरावाची जमीन बसल्यामुळे नुकसान. दावा नामंजूर झाला.

दोन पावसाळ्यांनंतर त्या घरामागचा अख्खा उतार खाली आला. देवाची कृपा, घर तेव्हा रिकामं होतं. दुसऱ्या कुणाच्या दाव्यासाठी त्याच वाडीत गेलो होतो, तेव्हा वर चढलो. घरातल्या तड्याची रेघ मागच्या बांधातून, दोन खाचरांतून, एका कलंडलेल्या आंब्याच्या झाडाच्या बुंध्याशेजारून चंद्रकोरीसारखी वर गेलेली होती. आंबा कलंडला होता आणि त्याचा शेंडा पुन्हा सरळ वाढायला लागला होता. म्हणजे जमीन त्या रात्री हलायला लागली नव्हती, आधीपासून सरकत होती, माझ्या भेटीच्याही आधीपासून. भराव होता हे खरं, पण घर फाटलं ते डोंगरामुळे. गुरुजी खाली उभे होते. रागावले नाहीत. म्हणाले, "तेव्हा वर आला असता तर बरं झालं असतं." मी कंपनीला जुन्या रिपोर्टाबद्दल लेखी कळवलं, पण तोवर फाइल बंद झाली होती, मुदती उलटल्या होत्या, आणि गुरुजींनी मागच्या खोलीची दुरुस्ती स्वतःच्या पेन्शनमधून केली होती, ती खोली आता गेली होती. त्यांच्याकडे तेव्हाचे फोटो नव्हते. माझ्याकडे होते, पण सगळे घरातले. डोंगराचा एकही नाही.

तेव्हापासून वर्गात माझा नियम आहे: घरात शिरायच्या आधी मागचा डोंगर चढायचा. डोंगर नसेल तर घराभोवती एक फेरी, गटारापर्यंत. गावातल्या तीन माणसांना विचारायचं, त्यात एक म्हातारी बाई हवीच, कारण पाणी कुठून येतं हे तिला सगळ्यांत जास्त माहीत असतं. आणि कारण ठरत नसेल तर 'ठरत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि भूगर्भतज्ज्ञ पाठवा' असं लिहायला लाजायचं नाही. हे शेवटचं शिकवणं सगळ्यांत अवघड जातं. हुशार मुलांना तर फारच.

आता आपली मागची भिंत.

गेल्या दोन पावसाळ्यांत ती बाहेरच्या बाजूला झुकली आहे. मी ओळंबा धरून पाहिलाय, सचिवांना आकडा दिलाय. तिच्यात पाणी जायला बांधकामाच्या वेळी भोकं ठेवलेली होती. त्यातली बरीच आज बुजलेली आहेत, काही मातीने आणि काही टाइल्सने. टाइल्स कुणी लावल्या ते मी सांगणार नाही. ते पहिल्या रांगेत बसलेत आणि आजच्या पुरणपोळीचे यजमानही तेच आहेत. पण भिंतीमागे पाणी साठलं की भिंतीला मातीचंच नाही, पाण्याचंही ओझं ढकलतं. उद्या ती पडली आणि बी विंगचा पाया उघडा पडला, तर येणारा सर्व्हेअर, तो माझ्या वर्गातला असला तरी, पहिला प्रश्न विचारेल: ही दरड की देखभाल? आणि तेव्हा आपल्याकडे दाखवायला काय असेल?

माझ्या माहितीत आपल्या ऑफिसच्या कपाटात मंजूर नकाशाची एक प्रत आहे, वाळवीने एक कोपरा खाल्लेली. पायाचे, आरसीसीचे नकाशे नाहीत. मूळ जमीन कुठवर आणि भराव कुठून, हे सांगणारा एकही कागद नाही. आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा आगीपासून आणि भूकंपापासून विमा उतरवणं संस्थेवर बंधनकारक आहे. तो आपण उतरवतो, दरवर्षी, त्याबद्दल समितीचं कौतुक. पण रक्कम पंचवीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चावर आहे, मध्ये एकदाच वाढवली. विम्याची रक्कम म्हणजे फ्लॅटची बाजारातली किंमत नाही आणि बिल्डरला दिलेली किंमतही नाही; आज तेवढीच इमारत पुन्हा बांधायला लागेल तो खर्च. आणि त्याच उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. आपलं एकदा झालं. ते कुठे आहे? कुणाच्या घरी असेल तर आणून द्या, कुणी काही बोलणार नाही.

मला माहीत आहे, पुढच्या सभेत कुणी उठून म्हणेल, भिंतीवर एवढा खर्च कशाला, विमा आहेच की. म्हणून आज मुद्दाम सांगतोय. झुकलेली भिंत दिसत असताना न बांधता, ती पडल्यावर दरड म्हणून मागायची, हे चालणार नाही. चालवू पाहिलं तर मी स्वतः, या सोसायटीचा सभासद, तुमच्या बाजूने सही करणार नाही. पण उद्या खरोखर डोंगर आला, आणि आपण भोकं मोकळी ठेवलेली, फोटो तारखेसकट ठेवलेले, ऑडिट केलेलं असलं, तर कुठल्याही सर्व्हेअरला 'भराव बसला' असं लिहून निघून जाता येणार नाही. त्याला वर चढावंच लागेल.

वेळ संपत आली, स्वयंपाकघरातून खुणा होताहेत. एकच काम सांगून बसतो. येत्या रविवारी सकाळी आठला मी मागच्या गेटशी असेन. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, मुलांना आणा, मोबाइल चार्ज करून आणा, बूट चिखलाचे घाला. आपण भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर दहा पावलांवर फोटो काढू, मग मागच्या उतारावर जिथवर जाता येईल तिथवर चढू. तिथे वरच्या बाजूला एक करंजाचं झाड आहे. मागच्या वर्षी ते सरळ होतं असं मला वाटतं, पण खात्री नाही, कारण तेव्हा फोटो काढला नव्हता. कुणाच्या सहलीच्या फोटोत ते झाड आलं असेल तर शोधून आणा.